मांगूर नदीत कसा पोचतो, आणि त्याला तळ्यातच का अडवायला हवं

आफ्रिकन मांगूर वाहत्या नदीत एकदा रुजला की त्याला तिथून पूर्ण काढणं शक्य होत नाही. तळ्यात असेपर्यंत तो मोजता येतो, पकडता येतो, पाणी उपसून संपवता येतो. बांध ओलांडून ओढ्यात गेला, ओढ्यातून नदीत आणि नदीतून धरणाच्या फुगवट्यात शिरला, की पुढे हाती राहतं ते फक्त त्याची संख्या दाबून धरणं. म्हणून या माशाचा प्रश्न समजून घेताना नदीपेक्षा तळ्याकडे, बाजाराकडे आणि चिकनच्या दुकानामागच्या पिंपाकडे जास्त बारकाईने पाहावं लागतं.

याचं शास्त्रीय नाव क्लॅरियस गॅरिपिनस. मूळ घर आफ्रिका खंड आणि पश्चिम आशियाचा काही भाग. भारतात तो 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बांगलादेशातून पश्चिम बंगालमध्ये चोरवाटेने आला, अशी सर्वसाधारण नोंद आहे. बांगलादेशात तो थायलंडहून आला होता, म्हणून बाजारात त्याला ‘थाई मांगूर’ म्हणतात. त्याच्या संवर्धनावर आणि विक्रीवर केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली. पुढे राष्ट्रीय हरित लवादानेही साठे नष्ट करण्याचे आदेश दिले, आणि 2020 च्या सुरुवातीला महाराष्ट्रात मत्स्यव्यवसाय विभागाने मोठी मोहीम काढून टनावारी मासा नष्ट केला. तरीही ठाणे, रायगड, पालघर या जिल्ह्यांत आणि उजनीच्या काठच्या इंदापूर परिसरात तो पाळला जात असल्याचं कारवायांमधून पुन्हा पुन्हा समोर आलं. मुळा-मुठा आणि भीमेत तर तो जाळ्यात येतोच.

बंदी असलेला मासा लोक का पाळतात? उत्तर साधं आहे: तो मरत नाही आणि भराभर वाढतो. सहा ते दहा महिन्यांत किलोभर होतो. दाटीवाटीने ठेवला तरी जगतो, पाणी कुजलं तरी जगतो. रोहू-कटल्याच्या तळ्यात एका रात्रीत प्राणवायू घटला की सकाळी सगळं पीक पांढरं पोट वर करून तरंगतं. मांगूरवाल्याला ती धास्ती नाही. शिवाय बाजारात तो टबात जिवंत नेता येतो, म्हणजे बर्फाचा खर्च वाचतो आणि गिऱ्हाईकाला मासा ताजा मिळाल्याची खात्री वाटते.

हवेवर जगणारा मासा

हा चिवटपणा येतो कुठून, ते एकदा नीट पाहिलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. मांगूरला इतर माशांसारखे कल्ले असतातच. पण कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना, एकेक पोकळी असते आणि तिच्यात लालसर, फांद्याफांद्यांचा, फुलकोबीच्या तुऱ्यासारखा दिसणारा अवयव असतो. मासा पाण्यावर येऊन हवेचा घोट घेतो, ती हवा या पोकळीत धरतो आणि तुऱ्यातल्या रक्तवाहिन्या तिच्यातला प्राणवायू ओढून घेतात. पिल्लांमध्ये हा अवयव जन्मतः नसतो. पहिले दोनतीन आठवडे ती पाण्यातल्याच प्राणवायूवर अवलंबून असतात, आणि मांगूरच्या आयुष्यातला नाजूक असा काळ काय तो एवढाच.

आता हे आपल्या नद्यांच्या स्थितीशी जोडून पाहा. आपल्या बहुतेक देशी माशांना लिटरमागे चारपाच मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. शहराच्या खाली, सांडपाणी मिसळलेल्या पट्ट्यात उन्हाळ्यातल्या पहाटे तो जवळजवळ शून्यावर येतो. मग मळ्या, आमळी, खवली, वांब एकतर मरतात किंवा वरच्या स्वच्छ पाण्याकडे सरकतात. मांगूर मात्र दर काही मिनिटांनी वर येऊन हवा घेतो आणि तळाशी परततो. म्हणजे प्रदूषण त्याच्यासाठी जागा मोकळी करून देतं. शहरांच्या खालच्या अंगाला तो जास्त सापडण्याचं मोठं कारण हेच आहे.

तो ‘चालतो’ हेही खरं आहे, पण त्याबद्दलच्या गोष्टी फार फुगवल्या जातात. छातीच्या परांचे टणक काटे जमिनीत रोवत आणि अंग वळवत तो ओल्या जमिनीवरून थोडं अंतर जाऊ शकतो. पावसाळी रात्री तळ्याचा बांध ओलांडून शेजारच्या चारीत उतरायला तेवढं पुरतं. गावातून गावात मात्र तो चालत जात नाही. तिथे त्याला टेम्पोच नेतो. पाणी आटू लागलं की ओलसर गाळात शिरून राहण्याची त्याची सवय जास्त घातक आहे, कारण वरून तळं कोरडं दिसतं आणि खाली मासा जिवंत असतो.

नदीत शिकारी मासे आधीपासून आहेतच, मग हा वेगळा कसा?

हा प्रश्न मच्छीमार नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. मरळ शिकारी आहे, पाडी तर त्याहून खादाड. पण या माशांची संख्या भक्ष्याच्या संख्येला बांधलेली असते. लहान मासे कमी झाले की मरळीची उपासमार होते, तिची पिल्लं कमी जगतात, आणि मधल्या काळात लहान माशांना पुन्हा वाढायला वाव मिळतो. हजारो वर्षं हे असंच चालत आलं आहे.

मांगूर या हिशेबात बसत नाही, कारण तो केवळ शिकारी नाही. मासे, बेडूक, खेकडे, गोगलगायी, कीटक, त्यांच्या अळ्या, दुसऱ्या माशांची अंडी, पाण्यावर पोहणारी पाणपक्ष्यांची पिल्लं, मेलेलं जनावर, कुजका पाला, सांडपाण्यातलं खरकटं: त्याला काहीही चालतं. नदीतले लहान मासे संपले तरी तो उपाशी मरत नाही. पुलावरून फेकलेल्या कोंबडीच्या आतड्यांवर तो तग धरतो आणि पावसाळ्यात नवी पिल्लं आली की पुन्हा त्यांच्यावर तुटून पडतो. ज्या शिकाऱ्याला शिकार संपल्यावरही खायला मिळत राहतं, तो शिकारीला सावरू देत नाही. आपण नदीत टाकलेला कचरा या शिकाऱ्याला वर्षभर पोसत राहतो.

शिवाय तो रात्री खातो. चार जोड्या, म्हणजे आठ लांब मिशांनी तो गढूळ पाण्यात तळ चाचपत जातो. त्याला डोळ्यांची फारशी गरज पडत नाही. बोट्स्वानातल्या ओकावांगो नदीत पूर ओसरताना हे मासे मोठ्या थव्याने एकत्र शिकार करतात. लव्हाळ्यात लपलेल्या लहान माशांना हुसकावत शेकडो मांगूर पुढे सरकतात आणि पाणी अक्षरशः खवळतं. तिथल्या लहान माशांना या शिकाऱ्याची पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. आपल्या भीमेतल्या किंवा कृष्णेतल्या माशांना ती नाही.

विणीचा काळ हा याहून मोठा धोका आहे. पहिल्या जोरदार पावसाला नदीनाल्याचं पाणी वाढलं की आपले कित्येक देशी मासे प्रवाहाविरुद्ध चढतात आणि उथळ पाण्यात, भातखाचरांत, ओढ्यांच्या गवताळ काठांवर अंडी घालतात. चढणीचे मासे, वलगणीचे मासे म्हणतात ते हेच. मांगूरही नेमका त्याच वेळी, त्याच उथळ पाण्यात विणीला येतो. म्हणजे देशी माशांची अंडी आणि नुकतं फुटलेलं मत्स्यजिरं, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, जिथे दाट असतं, तिथेच हा मोठ्या संख्येने हजर. महसीरसारखा मासा सावकाश वाढतो. त्याची पिल्लं दोन पावसाळे लागोपाठ खाल्ली गेली तर त्या डोहातली एक पिढीच गळते.

किलोभर वजनाच्या मादीत 50 हजारांहून जास्त अंडी असू शकतात. अंडी चिकट असतात, बुडालेल्या गवताला चिकटून राहतात आणि कोमट पाण्यात एक ते दीड दिवसात फुटतात. आईबाप पिल्लांची राखण करत नाहीत, त्यामुळे बहुतेक पिल्लं मरतात. पण हजारात एक जगलं असं धरलं, तरी एका मादीमागे एका विणीत 50 मासे होतात. एका तळ्यातून वाहून गेलेल्या दहावीस माद्यांचं गणित ज्याचं त्याने मांडावं.

ओळख: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

देशी मांगूर, म्हणजे क्लॅरियस मागूर, हा वेगळा मासा आहे. तो आपला आहे, पाळायला कायदेशीर आहे आणि जागतिक पातळीवर ‘धोक्यात’ या यादीत गेलेला आहे. बिहारने तर त्याला राज्य मासा म्हणून मान दिला आहे. आफ्रिकन मासा बाजारात ‘मांगूर’ याच नावाने विकला जातो, त्यामुळे एकीकडे गिऱ्हाईक फसतं आणि दुसरीकडे रागाच्या भरात लोक देशी मासा मारून टाकतात. दोन्हीत नुकसान नदीचंच.

पहिली खूण वजन. देशी मांगूर सहसा दोनतीनशे ग्रॅमचा, फूट-दीड फुटापर्यंतचा. आफ्रिकन मांगूर किलो-दोन किलोचा सहज मिळतो आणि मूळ प्रदेशात तर दीड मीटरच्या पुढे, 60 किलोपर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत. किलोच्या वरचा मांगूर हाती आला तर तो आफ्रिकनच समजावा. दुसरी खूण डोकं: आफ्रिकन माशाचं डोकं रुंद, चपटं आणि लांब असतं, शेपटीचा पर सोडून मोजलेल्या लांबीच्या पाव ते एक तृतीयांश भरतं. मोठ्या माशात डोक्याची वरची कवटी हाताला खरखरीत लागते. तिसरी खूण रंग: पाठीवर राखाडी-काळपट ठिगळं आणि पोट पांढरट. मात्र रंगावर एकट्याने भरवसा ठेवू नये, कारण गढूळ पाण्यातला मासा फिकट आणि काळ्या टाकीतला गडद होतो.

नक्की करायचं असेल तर कल्ल्याचं झाकण उचलून पहिल्या कमानीवरचे कंगव्यासारखे बारीक दाते पाहतात. देशी माशात ते मोजके आणि विरळ असतात. मोठ्या आफ्रिकन माशात खूप जास्त आणि दाट. पाव किलोच्या आतल्या माशात ही खूणही पक्की धरता येत नाही, आणि दोन्हींचे संकर असतील तर डोळ्यांनी निर्णय देऊच नये. नमुना जाणकाराला दाखवावा. हा संकराचा धोका देशी मांगूरसाठी शिकारीइतकाच गंभीर आहे.

इतर माशांशी होणारी गल्लत सोपी आहे. मांगूरचा पाठीवरचा पर डोक्यामागून थेट शेपटीजवळ जातो. शिंगीचा पाठीवरचा पर अगदी चिमुकला असतो. पाडीला मिशांच्या दोनच जोड्या असतात आणि तोंड प्रचंड फाकतं. अंगावर टणक कवचाच्या पट्ट्या आणि पोटाकडे चोखणारं तोंड असेल, तर तो सकर, ज्याला काही ठिकाणी हेलिकॉप्टर म्हणतात. सकरही परदेशी आणि उपद्रवी आहे, पण तो शेवाळ खरवडणारा, शिकारी नव्हे. चिलापी (तिलापिया) या परदेशी माशाचा त्रास आणखी निराळा. उपाय प्रत्येकाचे वेगळे आहेत, म्हणून नोंद करताना सगळ्यांना एकाच गाठोड्यात बांधू नये.

तळ्यातून नदीत जाण्याच्या वाटा

सगळ्यात मोठी वाट पूर. मांगूरची तळी बहुतेकदा नदीनाल्याच्या काठच्या सखल, स्वस्त जमिनीवर खणलेली असतात, कारण तिथे पाणी सहज मिळतं आणि वास आला तरी हटकणारं कोणी नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी बांधावरून वाहिलं की एका रात्रीत तळं रिकामं होतं. सांडव्याला जाळी लावल्याचं पाळणारे सांगतात, पण जाळी पालापाचोळ्याने तुंबते, पाणी बाजूने बांध कापतं आणि मासा त्या फटीतून निघून जातो.

दुसरी वाट बीजाची. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे तळ्यात सोडायची बोटभर पिल्लं, प्राणवायू भरलेल्या प्लास्टिक पिशव्यांतून येते. ज्या केंद्रावर चोरून मांगूरही ठेवलेला असतो तिथल्या पिशवीत दोनचार पिल्लं मिसळून येतात. तलावात सोडलेली ती दोनचार पिल्लं वर्षाच्या आत विणीला तयार होतात, आणि मच्छीमार संस्थेला दोन वर्षांनी कळतं की बीज नेहमीइतकंच सोडलं तरी उत्पादन मात्र निम्म्यावर आलं.

तिसरी वाट घबराटीची. कारवाईची कुणकुण लागताच रातोरात तळ्याचा बांध फोडून पाणी नाल्यात सोडलं, तर पुराने होतं तेच होतं, फक्त उन्हाळ्यातही. ज्या कारवाईत आधी नाल्याकडचं तोंड बंद केलं जात नाही ती कारवाई नदीच्या मुळावर येते. आणि चौथी, छोटी पण टाळता येण्याजोगी वाट: बाजारातून जिवंत मासा आणून पुण्य म्हणून नदीत सोडणं, किंवा शोभेच्या टाकीत मावेना म्हणून तलावात टाकणं.

एकदा नदीत आल्यावर माणसाने बांधलेलं पाण्याचं जाळंच त्याला पुढे नेतं. दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नदीचं पाणी ग्रेट फिश नदीच्या खोऱ्यात नेण्यासाठी 82 किलोमीटरहून लांब बोगदा काढला, 1975 मध्ये तो सुरू झाला, आणि त्या पाण्यासोबत हाच मासा अशा नद्यांत पोचला जिथे तो त्याच देशातला असूनही कधीच नव्हता. आपल्याकडे उजनीचं पाणी भीमा-सीना जोडकालव्यातून सीनेत जातं. कालवे, उपसा योजना, जोडबोगदे यांचं नियोजन करताना पाणी कुठे जाणार हे मोजलं जातं. त्या पाण्यातून कोण जाणार हेही पाहायला हवं.

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात तो बाहेरून आणलेल्या पाण्याबरोबरच शिरला. तिथे दर उन्हाळ्यात पाणी आटलं की हे मासे जाळ्यांनी काढावे लागतात, आणि पुढच्या पाण्याबरोबर नवे येतात. भिगवण, कुंभारगाव या उजनीच्या पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध पट्ट्यालाही हाच धोका आहे: टिबुकली, वारकरी यांची पिल्लं पाण्यावरच वाढतात.

तळं साफ करायचं तर

आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावं. साठा मोठा असेल तर पंचनामा होऊनच तो नष्ट करायचा असतो. मग पहिलं काम पाणी बाहेर जाण्याच्या सगळ्या वाटा मातीने पक्क्या बंद करणं. पाणी उपसायचं ते शेतात, नाल्यात नाही. आणि पंपाच्या तोंडाला मच्छरदाणीइतकी बारीक जाळी हवी, नाहीतर पिल्लं पाइपातून जातात. दिवस मार्च ते मेचे निवडावेत. पावसाळ्यात या कामाला हात लावणं म्हणजे मासा स्वतःच्या हाताने सोडून देणं.

पाणी अर्धा-एक मीटरवर आलं की ओढजाळं दोनतीनदा फिरवावं. मांगूर गाळात दबून बसतो आणि जाळ्याची खालची दोरी त्याच्या अंगावरून निघून जाते, म्हणून पहिल्या फेरीत मासे कमी आले तर तळं साफ झालं असं समजू नये. दोरीला वजन वाढवावं आणि तिच्या पुढे एकदोघांनी पायाने गाळ ढवळत चालावं. छातीच्या परांचे काटे करवती असतात, ते हातात आणि तळव्यात घुसतात, तेव्हा जाड हातमोजे आणि गमबूट हवेतच.

उरलेल्यांसाठी मोहाची पेंड ही जुनी आणि भरवशाची रीत. तिच्यातलं सॅपोनिन हे द्रव्य माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. मासा हवा घेत असला तरी तिच्यातला प्राणवायू वाहून नेणारं रक्तच निकामी होतं, म्हणून ती मांगूरवरही चालते. प्रमाण हेक्टरी एक मीटर खोलीला 2500 किलो, म्हणजे एका घनमीटर पाण्याला 250 ग्रॅम. 20 मीटर बाय 20 मीटरच्या तळ्यात एक मीटर पाणी असेल तर 400 घनमीटर, पेंड 100 किलो. पाणी अर्ध्या मीटरवर आणलं तर 50 किलोत भागतं, म्हणून आधी उपसा. पेंड रात्रभर भिजवून सकाळी सगळीकडे सारखी फेकावी आणि जाळं ओढून पाणी घुसळावं. कडेच्या उथळ गवतात औषध पोचलं नाही तर नेमकी पिल्लं तिथेच वाचतात. परिणाम साधारण तीन आठवडे राहतो, तोवर नवं बीज सोडू नये.

पेंड मिळाली नाही तर ब्लीचिंग पावडर: हेक्टरी एक मीटर खोलीला 350 किलो, म्हणजे वरच्याच तळ्याला 14 किलो. पावडर ताजी, बंद पोत्यातली हवी. उघड्या पोत्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि मग ‘प्रमाण घातलं तरी मासे मेले नाहीत’ अशी तक्रार येते. वारा पाठीशी घेऊन, नाकातोंडाला मास्क लावून टाकावी. आठवडाभराने असर उतरतो. दोन्ही औषधं फक्त बंदिस्त तळ्यात वापरायची. पाणी बाहेर गळत असेल तर नाही, आणि ओढ्यात, डोहात, नदीत तर अजिबात नाही. तिथे ती मांगूरआधी देशी मासे मारतात. गुरं त्या पाण्यावर येणार नाहीत याचीही व्यवस्था हवी.

शेवटी पाणी पूर्ण काढून गाळाला भेगा पडेपर्यंत तळं उन्हात तापवावं, आणि ओल राहिलेल्या कोपऱ्यांवर कळीचा चुना पसरावा. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात गाळ कमी, त्यामुळे काम लवकर होतं, पण अस्तराच्या घडीखाली पिल्लं राहतात ती पाहावीत. मेलेले मासे पाण्यापासून दूर खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावेत. मासा पाण्याबाहेर तासन्‌तास जिवंत राहतो. तो तडफडत टाकू नये, डोक्यावर जोरदार फटका मारून लगेच संपवावा. नुसता काठावर फेकलेला मांगूर रात्रीच्या दवात पुन्हा पाण्याकडे सरपटतो, हेही ध्यानात ठेवावं.

नदीत आणि तलावात काय करता येतं

संस्थेने बोटुकली घेताना प्रत्येक खेपेतल्या काही पिशव्या पांढऱ्या टबात ओतून पाहाव्यात. रोहू-कटल्याची पिल्लं चकचकीत असतात आणि मधल्या पाण्यात पोहतात. मांगूरची पिल्लं काळपट, बिनखवल्याची, मोठ्या चपट्या डोक्याची. ती तळाला बसतात, कोपऱ्यात गोळा होतात, इंचभर झाली की मिशा स्पष्ट दिसतात. थोडी मोठी असतील तर वर येऊन हवा घेतात. एक जरी सापडलं तरी ती सगळी खेप परत करावी. निवडून उरलेली सोडण्याच्या भानगडीत पडू नये, कारण निवडताना एखादं सुटतंच.

पकडायला उत्तम काळ एप्रिल-मे, डोह आकसतात तेव्हा. रात्री, तळाशी, कोंबडीच्या आतड्याचा आमिष लावलेला लांब दोरीचा गळ सर्वांत कामी येतो. तंगूसाच्या, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याच्या, जाळ्यात तो अडकतो, पण काट्यांमुळे गुंता करतो आणि अंग पिळून जाळं फाडतो. फक्त मोठे मासे काढून थांबलं तर उलट परिणाम होण्याचा धोका आहे: मांगूर स्वतःची पिल्लंही खातो, आणि मोठे गेले की लहानांची वाढ मोकळी होते. म्हणून मोहीम सलग काही उन्हाळे चालवायची तयारी असेल तरच तिचा उपयोग. मरळ, शिंगी, वांब, देशी मांगूर जाळ्यात आले तर पाण्यात परत सोडावेत. हेच मासे आफ्रिकन मांगूरच्या पिल्लांना आवर घालणारे.

चिकन सेंटरचा कचरा हा याच कामाचा भाग आहे. जिवंत कोंबडीच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग आतडी, पिसं, डोकं, पाय म्हणून फेकला जातो. दोन किलोच्या शंभर कोंबड्या कापणाऱ्या दुकानातून रोज 60 किलोहून जास्त कचरा निघतो. हाच कचरा मांगूरच्या तळ्यांचं फुकटचं खाद्य असतो, आणि त्यामुळेच हा धंदा परवडतो. ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने हा कचरा रोज कुठे जातो याची नोंद दुकानाकडून मागितली, तर बेकायदा तळ्यांचा पत्ता छाप्याशिवायही लागतो. कचरा प्रक्रिया केंद्राकडे वळला की तळ्यांचा खर्च वाढतो आणि पुलावरून फेकणंही थांबतं.

घेणाऱ्यानेही दोन गोष्टी पाहाव्यात. टबात वळवळणारा, किलोच्या वरचा, खवले नसलेला, आठ मिशांचा मासा ‘देशी मांगूर’ म्हणून स्वस्तात मिळत असेल तर तो देशी नाही. कुजक्या कचऱ्यावर आणि सांडपाण्यात वाढलेल्या माशाच्या मांसात जड धातू साठण्याची शक्यताही मोठी असते.

नदीत किंवा तलावात आफ्रिकन मांगूर सापडला तर तो परत पाण्यात सोडू नये. मोजपट्टी शेजारी ठेवून तीन फोटो घ्यावेत: वरून डोकं, खालून पोट, बाजूने पूर्ण मासा. वजन, तारीख, नदीचं किंवा तलावाचं नाव, जवळचा पूल किंवा बंधारा आणि मोबाइलवरचं ठिकाण लिहून जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाला द्यावं. मादी असेल तर पोट फाडून अंडी आहेत का ते पाहून तेही लिहावं. नदीच्या वरच्या पट्ट्यात, जिथे आजवर मांगूर दिसला नव्हता, तिथे अंडी भरलेली एक मादी मिळाली तर ती नोंद खालच्या पट्ट्यातल्या शंभर माशांपेक्षा जास्त मोलाची आहे, कारण तिथून वर कुठेतरी एक तळं गळत असतं आणि ते शोधायला अजून वेळ असतो.